दूरचं दिसायला जवळचा अंधार

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

दुर्बिणीतून किती लांबचं दिसतं? प्रश्न लहान मुलाचा वाटतो, पण त्याचं उत्तर द्यायला बसलं की मोठ्यांचीही पंचाईत होते. कोणी म्हणतं, चंद्रापर्यंत. कोणी म्हणतं, शनीच्या कड्यांपर्यंत. ज्यांनी वर्तमानपत्रात वाचलेलं असतं ते म्हणतात, विश्वाच्या शेवटापर्यंत. मी कविता लिहिणारा माणूस, शिक्षण बी.ए., तेही कला शाखेचं. तेव्हा माझ्याकडून गणिताची अपेक्षा करू नका. पण या प्रश्नाचा एक धागा थेट आमच्या वर्धा जिल्ह्यातून जातो. तो धागा हातात धरूनच मी आज तुमच्याशी बोलणार आहे.

आधी एक हिशेब करू. दुर्बीण बाजूला ठेवा आणि नुसत्या डोळ्यांनी किती लांबचं दिसतं ते पाहा. चंद्र आपल्यापासून सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. त्याचा उजेड आपल्याकडे यायला सव्वा सेकंद लागतो. सूर्य १५ कोटी किलोमीटरवर. त्याचा उजेड सव्वाआठ मिनिटांनी पोचतो. सूर्यानंतरचे सर्वांत जवळचे तारे सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहेत. प्रकाशवर्ष म्हणजे उजेडाने वर्षभरात तोडलेलं अंतर, सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. आणि मार्गशीर्षातल्या अंधाऱ्या रात्री डोक्यावरून जरासं उत्तरेला पाहिलं, तर धुराच्या पुंजक्यासारखा एक पुसट डाग दिसतो. ती देवयानी दीर्घिका. तिचं अंतर २५ लाख प्रकाशवर्षं.

म्हणजे श्रोतेहो, खेड्यातला निरक्षर म्हातारा खाटेवर पडल्या पडल्या २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला उजेड पाहत असतो. त्याला ना काच लागते, ना तिकीट. मग दुर्बीण कशाला हवी? कारण मुळात प्रश्न लांबीचा नाहीच. तो अंधुकपणाचा आहे. वस्तू लांब गेली म्हणून ती अदृश्य होत नाही. तिच्याकडून येणारा उजेड विरळ होत जातो, इतका की तो डोळ्याला जाणवेनासा होतो.

एक कंदील घ्या. तो दुप्पट लांब नेऊन ठेवला तर त्याचा उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. तिप्पट लांब नेला तर नववा भाग उरतो. आपल्या डोळ्याची बाहुली गडद अंधारात फार तर सात मिलिमीटर उघडते. तेवढ्याशा भोकातून जितका उजेड आत येईल त्यावरच डोळ्याचं काम चालतं. दुर्बीण म्हणजे मोठी बाहुली. पाऊस पडत असताना अंगणात वाटी ठेवली तर वाटीभर पाणी मिळतं, घंगाळ ठेवलं तर घंगाळभर. पाऊस तोच, पण भांड्याचं तोंड मोठं. दुर्बिणीचा आरसा हे असं उजेडाचं घंगाळ आहे. दुर्बीण नजर भाल्यासारखी लांब फेकत नाही. येईल तो उजेड ओच्यात घेत ती बसून राहते.

पण घंगाळाबरोबर आणखी एक गोष्ट लागते, आणि ती म्हणजे अंधार. आता आपण पुलगावला जाऊ.

पुलगाव म्हटलं की आज लोकांना दारूगोळ्याचा डेपो आठवतो. आमच्या आंजी मोठीहून ते फार लांब नाही. २२ जानेवारी १८९८, शनिवार, पौष अमावास्या. त्या दिवशी दुपारी सूर्याला खग्रास ग्रहण लागलं. चंद्राच्या सावलीचा पट्टा कोकणात विजयदुर्गाजवळ जमिनीवर चढला, सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून वऱ्हाडात आला, पुलगावहून नागपूरच्या अंगाने पुढे शहडोल आणि बक्सरकडे गेला. पुलगाव आणि नागपूर यांना जोडणारी रेघ नकाशावर ओढून पाहा, आंजी त्या रेघेवर सापडते. त्या दुपारी आमच्या गावात दोनेक मिनिटं रात्र झाली होती.

ती दोन मिनिटं पाहायला जगभरातून माणसं आली होती. विजयदुर्गावर नॉर्मन लॉकियर होते. त्यांच्या उपकरणांसाठी केलेले ओटे किल्ल्यावर आजही ‘साहेबाचे ओटे’ म्हणून दाखवतात. जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल होते. पुलगावला न्यूऑल आणि कॅप्टन हिल्स हे दोघे, सूर्यप्रकाशाचे रंग अलग करणारी उपकरणं मांडून बसले होते. नागपूरजवळच्या घोगलीला स्कॉटलंडचे राजज्योतिषी कोपलंड, शहडोलला इंग्लंडचे राजज्योतिषी क्रिस्टी. आणि पुलगावच्या अलीकडे, वर्धा नदीच्या पलीकडच्या काठाला, तळणी नावाचं छोटंसं स्टेशन आहे. तिथे ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची हौशी मंडळी उतरली होती. हौशी म्हणजे पदरचा खर्च करून आलेली.

ही सगळी माणसं आमच्याच भागात का आली? जानेवारीतलं विदर्भाचं आभाळ निरभ्र असतं, हे एक. दुसरं म्हणजे मुंबई-नागपूर रेल्वे. काचा, आरसे, लोखंडी बैठका असलेल्या पेट्या बैलगाडीच्या हादऱ्यांनी फुटल्या असत्या. रेल्वेने त्या थेट स्टेशनाच्या दाराशी आणून टाकल्या.

तळणीच्या त्या मंडळींत एक बाई होत्या, ॲनी माँडर. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकलेल्या. ग्रिनिच वेधशाळेत त्या आकडेमोडीच्या नोकरीवर होत्या. १८९५ साली लग्न केलं आणि त्या काळच्या नियमाप्रमाणे नोकरी सोडावी लागली. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी बायकांना सभासद करून घेत नव्हती. तो दरवाजा उघडला १९१६ मध्ये, आणि त्याच वर्षी त्या आत गेल्या. तळणीला आल्या तेव्हा त्यांच्यापाशी ना पद होतं, ना मोठी दुर्बीण. होता तो फक्त दीड इंच तोंडाच्या भिंगाचा एक कॅमेरा. आपल्या चष्म्याच्या काचेहूनही ते भिंग लहान. त्या भिंगातून त्यांनी सूर्याच्या प्रभामंडळाचा फोटो घेतला, आणि त्यात सूर्यापासून निघालेला एक झोत उमटला. त्याची लांबी भरली सुमारे साठ लाख मैल, म्हणजे एक कोटी किलोमीटरच्या घरात. तोवर कुणाच्याच काचेवर इतका लांब झोत आला नव्हता.

हे कसं झालं? प्रभामंडळ तर रोजच तिथे असतं. पण सूर्याच्या तबकडीपुढे ते इतकं फिकं असतं, लाखो पटींनी फिकं, की दिवसाच्या झगमगाटात कोणत्याही दुर्बिणीला ते सापडत नव्हतं. चंद्र सूर्यापुढे आला, पडदा पडला आणि दीड इंचाचं भिंग कोटी किलोमीटरची गोष्ट सांगू लागलं. काच लहानच होती. अंधार मात्र पुरेसा होता, आणि तो अंधार वापरणारी नजर तयार होती. मला वाटतं, दुर्बीण किती लांबचं दाखवते या प्रश्नाचं अर्धं उत्तर तळणीच्या त्या माळावर मिळालं.

त्या दुपारी आमच्या गावांत काय चाललं असेल? ग्रहण आजही आपण पाळतो, तेव्हा तर विचारायलाच नको. वेध लागलेले, चुली विझलेल्या, गरोदर बायका आतल्या खोलीत, नदीकाठी स्नानाला गर्दी, ‘दे दान, सुटे गिराण’ अशी आरोळी. मुसलमान घरांत ग्रहणाची नमाज. आमच्याकडे एक हदीस सांगतात. पैगंबरांचा लहानगा मुलगा इब्राहीम वारला त्या दिवशी ग्रहण लागलं होतं. लोक म्हणू लागले की या मृत्यूमुळेच सूर्य काळवंडला. तेव्हा पैगंबरांनी लोकांना समजावलं की सूर्य आणि चंद्र यांना कुणाच्या मरणासाठी किंवा जन्मासाठी ग्रहण लागत नाही. दुःखात बुडालेल्या बापाने असं म्हणावं, याचं मला आजही नवल वाटतं. आणखी एक योग पाहा. ते हिजरी १३१५ साल होतं आणि शाबान महिना सरत आला होता. शनिवारी ज्या चंद्राने सूर्य झाकला, त्याचीच कोर पुढे रमजानचा चांद म्हणून लोकांनी पश्चिमेला शोधली. चांद पाहायला दुर्बीण लागत नाही. पण क्षितिज मोकळं लागतं आणि थोडा सब्र लागतो.

त्याआधीची दोन वर्षं फार वाईट गेली होती. १८९६-९७ चा दुष्काळ मध्य प्रांताने सोसला होता. मुंबई-पुण्याकडे प्लेग होता. अशा दिवसांत शेताशेजारी तंबू ठोकून आकाशाकडे नळ्या रोखणारी माणसं आमच्या आज्या-पणज्यांना कशी दिसली असतील, याचा मी पुष्कळदा विचार करतो. मी पुलगावात अनेकांना विचारलं. ग्रहणाची ही आठवण सांगणारं कोणी भेटलं नाही. साहेब आले, दोन मिनिटं पाहिलं, पेट्या बांधल्या, निघून गेले. त्यांनी काय पाहिलं हे इंग्रजी ग्रंथांत छापून आलं. ज्यांच्या गावावर सावली पडली त्यांच्यापर्यंत ते पोचलं नाही.

पण सगळेच परके नव्हते. जेऊरला एक तुकडी पुण्याहून गेली होती. तिचे प्रमुख होते कावसजी दादाभाई नायगमवाला, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक. त्यांची कहाणी मराठी वाचकाला माहीत असायला हवी. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी १८८२ मध्ये पाच हजार रुपयांची देणगी दिली. मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. त्यातून पुण्यात ‘महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा’ उभी राहिली आणि १८८८ पासून तिचं काम चालू झालं. डब्लिनच्या ग्रब यांनी तिच्यासाठी २० इंची आरशाची दुर्बीण बनवली. त्या वेळी ती भारतातली सर्वांत मोठी दुर्बीण होती.

आता मघाचा कंदील आठवा. २० इंची आरसा डोळ्याच्या बाहुलीपेक्षा पाच हजार पटींनी जास्त उजेड गोळा करतो. म्हणजे जो दिवा डोळ्याला एका अंतरापर्यंत दिसतो, तोच या आरशात सत्तरपट लांब नेला तरी दिसेल. नायगमवालांनी हा आरसा मृग नक्षत्रातल्या तेजोमेघावर रोखला. मृगाच्या पोटातला जो बाण, त्याच्या जरा खाली पुसट ढगासारखं दिसतं ते हे. तिथून निघालेल्या उजेडाला आपल्यापर्यंत यायला सुमारे १,३५० वर्षं लागतात. त्या उजेडाचे रंग अलग करून केलेलं त्यांचं निरीक्षण १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात छापून आलं. पुण्यात बसून एक हिंदी माणूस हे करत होता.

१९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद झाली. वेधशाळा विटांवर उभी असते तेवढीच माणसावरही. तो माणूस उठला की विटा राहतात. दुर्बीण दक्षिणेत कोडाईकनालच्या डोंगरावर गेली. तिथले संचालक होते जॉन एव्हरशेड. हे एव्हरशेड १८९८ मध्ये हौशी निरीक्षक म्हणून तळणीला येऊन गेले होते. वर्धा नदीकाठच्या माळावर दोन मिनिटांचा अंधार वेचणारा माणूस पुढे पुण्याच्या दुर्बिणीचा पालक झाला. कादंबरीत असं लिहिलं तर लोक म्हणतील, जुळवून आणलं.

त्या दुर्बिणीचा प्रवास तिथेही थांबला नाही. १९८४ मध्ये तिला लडाखला, लेहजवळ नेलं. हिमालयात मोठ्या वेधशाळेसाठी चांगली जागा कोणती, हे पारखण्याचं काम तिला दिलं. पुढे लडाखमध्ये हानले इथे, ४,५०० मीटर उंचीवर, दोन मीटर आरशाची ‘हिमालयन चंद्र’ दुर्बीण २००० साली उभी राहिली. पुणे, कोडाईकनाल, लेह. या म्हातारीने अंधाराचा माग काढत अख्खा देश पालथा घातला.

इथे मोठ्या जगाची गोष्ट थोडक्यात सांगायला हवी. आपली देवयानी आपल्याच आकाशगंगेतला ढग आहे की बाहेरचं वेगळं गाव आहे, यावर शंभर वर्षांपूर्वीपर्यंत वाद होता. अमेरिकेतल्या माउंट विल्सनवरच्या १०० इंची दुर्बिणीने तो मिटवला. एडविन हबल यांनी १९२३ मध्ये देवयानीतले तारे सुटे करून पाहिले, त्यांचं अंतर मोजलं आणि ती आपल्या आकाशगंगेच्या फार बाहेर आहे हे दाखवलं. पुढे १९२९ मध्ये त्यांनी दीर्घिका एकमेकींपासून लांब जात आहेत हेही मांडलं. त्यांच्या नावाच्या अवकाश दुर्बिणीने डिसेंबर १९९५ मध्ये एक वेगळाच प्रयोग केला. जिथे काहीच दिसत नाही अशा आभाळाच्या चिमुकल्या तुकड्याकडे ती दहा दिवस टक लावून राहिली. त्या ‘काहीच नाही’मध्ये सुमारे तीन हजार दीर्घिका निघाल्या. डोळ्याला अशी साठवण जमत नाही. डोळा पाहतो आणि लगेच सोडून देतो. दुर्बिणीची काच थेंब थेंब साठवते. शायरीत ज्याला इंतजार म्हणतात, तो तिच्याकडून शिकावा.

मग शेवट कुठे? इथे अंतराचा प्रश्न काळाचा होतो. लांब पाहणं म्हणजे मागचं पाहणं. विश्वाचं वय शास्त्रज्ञ सुमारे १,३८० कोटी वर्षं धरतात. त्याहून जुना उजेडच नाही, तर दिसणार काय? शिवाय सुरुवातीची ३ लाख ८० हजार वर्षं विश्व इतकं तप्त होतं की उजेड मोकळेपणाने वाहूच शकत नव्हता, दाट धुक्यात अडकावा तसा अडकलेला होता. ते धुकं फिटलं त्या क्षणाचा उजेड आज रेडिओलहरींच्या रूपात सगळ्या दिशांनी येतो. १९६५ मध्ये तो सापडल्याचं जाहीर झालं. उजेड किंवा रेडिओलहरी टिपणारी कोणतीही दुर्बीण, कितीही मोठी केली, तरी त्या धुक्यापलीकडे पाहू शकणार नाही. ही मर्यादा काचेची नाही. महास्फोटाचा हा सिद्धांत आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. आपले डॉ. जयंत नारळीकर मात्र त्यावर शंका घेत राहिले आणि २०२५ मध्ये गेले. बहुमत समोर असतानाही शांतपणे प्रश्न विचारत राहणं, हाही त्यांचा आपल्याला मिळालेला वारसा आहे.

महाराष्ट्रात एक दुर्बीण अशी आहे की तिला डोळ्याला दिसणारा उजेड लागतच नाही. पुण्याच्या उत्तरेला, जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडद नावाचं गाव आहे. टोमॅटो आणि द्राक्षांचा हा मुलूख. तिथे शेतांच्या मधोमध ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या उभ्या आहेत, एकूण ३०. चौदा एका चौरस किलोमीटरच्या आसपास, उरलेल्या सोळा तीन फाट्यांवर पसरलेल्या, सगळं मिळून पंचवीस किलोमीटरचा विस्तार. या सगळ्या मिळून एक दुर्बीण होते, जीएमआरटी. डॉ. गोविंद स्वरूप यांची ही कल्पना. पत्र्याची अखंड तबकडी केली असती तर ती जड झाली असती आणि वाऱ्याने उलथली असती. म्हणून त्यांनी ताणलेल्या तारांवर स्टीलची जाळी बसवली. कमी खर्चात, आपल्याच कारखान्यांत हे काम झालं. २००१ मध्ये दुर्बीण देशाला अर्पण झाली. स्वरूप सर २०२० मध्ये पुण्यात वारले.

या जाळ्यांनी काय टिपलं? जीएमआरटीने केलेल्या आकाशाच्या पाहणीतून एका रेडिओ दीर्घिकेचा सुगावा लागला. ती सुमारे १,२०० कोटी वर्षांपूर्वीची असल्याचं २०१८ मध्ये जाहीर झालं. २०२३ मध्ये आणखी एक बातमी आली. ८८० कोटी वर्षांपूर्वीच्या एका दीर्घिकेतल्या हायड्रोजन अणूंची क्षीण हाक खोडदला ऐकू आली. हायड्रोजनची ही हाक एकवीस सेंटिमीटर लांबीच्या लहरीवर निघते आणि इतकी बारीक असते की इतक्या लांबून ती एरवी कळलीच नसती. पण वाटेत दुसरी एक दीर्घिका होती. तिच्या गुरुत्वाने भिंगासारखं काम केलं आणि हाक तीसपट मोठी झाली. निसर्गानेच आपली काच मधे धरली. १८९८ मध्ये चंद्राने पडदा धरला होता, तसंच हे.

आणि सर्वांत ताजी गोष्ट. डिसेंबर २०२१ मध्ये साडेसहा मीटर आरशाची जेम्स वेब दुर्बीण अवकाशात गेली. डोळ्यापेक्षा सहा लाखांहून जास्त पटींनी उजेड गोळा करणारी. विश्वाच्या जन्मानंतर अवघ्या २८ कोटी वर्षांनी अस्तित्वात असलेली एक दीर्घिका तिने पाहिली, असं २०२५ मध्ये जाहीर झालं. त्याच वर्षी, पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांना याच दुर्बिणीच्या माहितीत एक देखणी सर्पिल दीर्घिका सापडली. दोन रेखीव भुजांची. विश्व दीडशे कोटी वर्षांचं असतानाची. इतक्या कोवळ्या वयात इतका घाट कसा आला, हा शास्त्रज्ञांपुढचा पेच आहे. त्यांनी तिला नाव दिलं अलकनंदा. आकाशगंगेला हिंदीत मंदाकिनी म्हणतात. हिमालयात अलकनंदा आणि मंदाकिनी या बहिणी. विश्वाच्या त्या टोकाला आपल्या नदीचं नाव लागलं, आणि ते लावणारी माणसं पुण्यात बसलेली. पुलगावहून पेट्या बांधून गेलेले साहेब आठवले की हे अंतरही मला प्रकाशवर्षांत मोजावंसं वाटतं.

आता माझ्या मनातली काळजी सांगतो. तळणीला अंधार फुकट मिळाला. आज तो राखावा लागतो. खोडदचं उदाहरण घ्या. तिथे अंधार म्हणजे रेडिओलहरींची शांतता. मोबाइल, मोटारींच्या ठिणग्या, विजेच्या तारा, सगळ्यांचा गोंगाट त्या जाळ्यांना ऐकू येतो. म्हणून परिसरात कारखान्यांवर निर्बंध आहेत. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा आधी आखलेला मार्ग त्याच भागातून होता. दुर्बिणीला बाधा येईल म्हणून २०२५ मध्ये रेल्वे खात्याने शिर्डीकडून जाणारा पर्याय पुढे केला. तिथल्या शेतकऱ्याला आपल्या गावावरून रेल्वे जावी असं वाटणं यात काहीच वावगं नाही. त्याच्या टोमॅटोला आजच बाजार हवा आहे, आणि हायड्रोजनची हाक तर ८८० कोटी वर्षं थांबलेली आहे. पण ती थांबली होती ती निघून जाण्यासाठी. लहर आली आणि गोंगाटात बुडाली तर ती पुन्हा येत नाही. दुर्बीण हवी असेल तर शेजाऱ्याच्या त्यागाची भरपाई दुसऱ्या कुठल्या रूपात व्हायला हवी. नुसता अभिमान सांगून त्याचं पोट भरणार नाही.

हानलेने याची एक वाट दाखवली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये त्या परिसराला अंधाराचं राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केलं. गावकरी दिव्यांना टोप्या घालतात, खिडक्यांना पडदे लावतात. गावातल्याच तरुण-तरुणींना दुर्बिणी दिल्या आणि आभाळ दाखवायला शिकवलं. पर्यटक येतात ते यांच्याकडे. अंधार राखल्याचा मोबदला अंधारातूनच मिळतो. तिथे दोरीच्या बाहेर कोणी उभं नाही.

आमच्या आंजीचं काय? वर्धा-आर्वी रस्त्यावरचं हे गाव. आमच्या लहानपणी उन्हाळ्यात गच्चीवर झोपलं की आकाशगंगेचा पट्टा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दिसायचा. अब्बा त्याला कहकशाँ म्हणायचे, शेजारचे काका आकाशगंगा म्हणायचे, आणि दोघांची बोटं एकाच दिशेला जायची. आता चौकात पांढरे दिवे आले. दिवे हवेतच. अंधारात साप निघतो, पोरीबाळींना शिकवणीहून यायचं असतं. पण निम्म्या दिव्यांची तोंडं आभाळाकडे आहेत. जो उजेड रस्त्यावर पडत नाही त्याने ना साप दिसतो, ना वाट. तो फक्त तारे पुसतो, आणि त्याचं बिल ग्रामपंचायत भरते.

म्हणून एक साधी गोष्ट सुचवतो. दिव्यांना टोपी घालायची, तोंड खाली करायचं. एवढं केलं तर रस्त्यावर उजेड वाढेल, कमी होणार नाही. आणि वर्षातून एक अमावास्या, मार्गशीर्षातली म्हणा, गावाने तासभर चौकातले दिवे मालवायचे. शाळेच्या मैदानावर पोरांना जमवायचं आणि देवयानी दाखवायची. मास्तरांकडे नकाशा असला तर उत्तम, नसला तरी एखादा जाणता म्हातारा प्रत्येक गावात असतोच. २५ लाख वर्षांचा प्रवास करून आलेला उजेड आपल्या पोरांच्या डोळ्यांत उतरायला एक तासाचा अंधार पुरतो. त्यांच्यातलीच एखादी पोर उद्या खोडदला, हानलेला किंवा आणखी कुठे बसून मघाच्या त्या २८ कोटी वर्षांच्याही अलीकडे पोचेल. तिने त्या दीर्घिकेला धाम नदीचं नाव दिलं तर मला आश्चर्य वाटणार नाही.